खाट नाही, तर क्लेम नाही

"मॅडम, याचा क्लेम होते का?"

धंतोलीत किंवा रामदासपेठेत एखाद्या हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीजवळ थोडा वेळ उभे राहिलात, की हा प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणाऱ्याची मान एका बाजूला धरलेली असते, खांद्याच्या मागे कापसाचा बोळा चिकटवलेला असतो. डॉक्टरांनी आत त्याच्या खांद्यातल्या दुखऱ्या गाठीत सुई दिली, दहा-पंधरा मिनिटांत तो बाहेर आला, आणि आता बिल हातात आहे. घरच्या कपाटात आरोग्य विम्याची पॉलिसी आहे. तिचा हप्ता दर वर्षी पोटाला चिमटा घेऊन भरलेला आहे. खिडकीपलीकडून उत्तर येतं, "भरती नव्हते ना काका? मग नाही होत."

हे उत्तर बहुतेक वेळा खरं असतं. ते खरं का आहे आणि कोणाच्या बाबतीत खरं नाही, हे नीट माहीत असलं तर नागपूरच्या पुष्कळ घरांचे पैसे वाचतील. काहींना नको असलेली भरतीही टळेल.

आधी सुईबद्दल बोलू, कारण "दुखण्याचं इंजेक्शन" या दोन शब्दांखाली आपण निदान तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. पहिलं म्हणजे गल्लीतल्या दवाखान्यात कमरेखाली मिळणारं वेदनाशामक, बहुधा डायक्लोफिनॅक. ते रक्तात मिसळून सगळ्या अंगाचं दुखणं काही तास दाबतं. दुसरं थेट दुखऱ्या स्नायूत दिलं जातं. मान, खांदा किंवा कमरेचा स्नायू चाचपला की त्यात दोरीसारखा ताठ पट्टा लागतो आणि त्या पट्ट्यात एक जागा अशी असते, की तिथे बोट दाबलं की माणूस कळवळतो. कधी खांद्यात दाबलं तर कळ डोक्यापर्यंत जाते. डॉक्टर या जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात. आपली आजी "उसण भरली" म्हणायची, तेव्हा पुष्कळदा तिचं बोट याच जागेवर असायचं. तिसरा प्रकार मणक्याजवळच्या नसांभोवती किंवा मणक्याच्या आत द्यायच्या इंजेक्शनांचा. ते क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर बघत, शस्त्रक्रियागृहात देतात. या तिन्हींचा खर्च वेगळा आहे आणि विम्याचं उत्तरही वेगळं आहे. हे प्रकरण मुख्यतः दुसऱ्या सुईचं आहे.

ही सुई नावारूपाला आणली डॉ. जॅनेट ट्रॅव्हल या अमेरिकन बाईंनी. पाठीच्या दुखण्यानं जेरीस आलेले जॉन केनेडी १९५५ पासून त्यांच्याकडे उपचार घेत होते. केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ट्रॅव्हल त्यांच्या वैयक्तिक डॉक्टर झाल्या. त्या पदावर बसलेली ती पहिली स्त्री. पुढे १९८३ मध्ये डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत त्यांनी कोणत्या स्नायूतली गाठ कुठे दुखवते याचे नकाशेच छापले. सुईत भरायचं औषध साधारणतः लिग्नोकेन असतं, म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करतात तेच. ते स्वीडनमध्ये १९४३ मध्ये तयार झालं आणि आज भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्यामुळे त्याच्या कमाल किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. एका गाठीला लागणाऱ्या लिग्नोकेनची किंमत काही रुपयांत मोजावी लागते.

खर्चाच्या दृष्टीनं यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. चेकोस्लोव्हाकियातले डॉ. कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये असं मांडलं, की सुई बरोबर त्या दुखऱ्या जागी लागली तर औषध न भरताही आराम पडतो. २००१ मध्ये कमिंग्ज आणि व्हाइट या दोघांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हाही सुईत काय भरलं होतं यानं निकालात फरक पडलेला दिसला नाही. याचा अर्थ पेशंटच्या भाषेत सांगायचा तर, आपण पैसे देतो ते गाठ शोधणाऱ्या बोटांचे. त्यामुळे "साधं पंधराशेचं, आणि भारीवालं पाच हजाराचं" असे दोन दर कोणी पुढे ठेवले, तर भारीवाल्यात नेमकं काय आहे आणि माझ्या दुखण्याला ते कशासाठी हवं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यात स्टेरॉइड असेल तर मधुमेही माणसानं आणखी जपून विचारावं. पुढचे काही दिवस साखर वर जाऊ शकते, आणि त्या साखरेच्या तपासण्यांचा खर्च बिलावर कोणी लिहीत नाही.

आता पैशांकडे येऊ. प्रत्येक डॉक्टरचा दर वेगळा असतो, म्हणून मी हिशेबापुरते गोल आकडे धरतो. ते कोणत्याही एका हॉस्पिटलचे नाहीत. तपासणी फी ७०० रुपये, सुई देण्याचे १५००, औषध-सिरिंज-निडल मिळून ३००. पहिल्या खेपेला झाले २५००. गाठ जुनी असेल तर आठवड्यानं दुसरी खेप; तपासणी फी घेतली नाही असं मानू, म्हणजे १८००. पण सुईनं स्नायू फक्त सैल होतो. तो सैल आहे तोवर ताणण्याचे आणि बळकटीचे व्यायाम केले नाहीत तर गाठ पुन्हा बसते. म्हणून फिजिओथेरपीच्या सहा बैठका, प्रत्येकी ४०० प्रमाणे २४००. एकूण ६७००. यात लिग्नोकेनचा वाटा इतका लहान आहे, की तो फुकट मिळाला तरी घराला ते जाणवणार नाही.

शिवाय या रकमेत प्रवास धरलेला नाही. नागपूर हे एकट्या नागपूरकरांचं रुग्णालय-शहर नाही. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, गडचिरोली, चंद्रपूर, राजनांदगावकडून माणसं इथे येतात. पहाटेची गाडी पकडून आलेल्या शेतमजुराची त्या दिवसाची मजुरी बुडते, सोबत आलेल्याचीही बुडते. सुईपेक्षा ते येणं-जाणंच महाग पडलेलं मी पाहिलं आहे.

आता विमा. भारतातली साधी आरोग्य विमा पॉलिसी मुळात रुग्णालयात भरती होण्याच्या खर्चासाठी आहे. भरती म्हणजे किमान सलग २४ तास. मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रिया आता काही तासांत होतात, म्हणून "डे-केअर" हा अपवाद ठेवला आहे. विमा नियामकाच्या व्याख्येत त्याची अट अशी : उपचार जनरल किंवा लोकल भूल देऊन झालेला असावा, आणि तंत्रज्ञान पुढे गेलं म्हणून २४ तासांच्या आत आटोपणारा, पण एरवी त्यासाठी २४ तासांहून जास्त राहावं लागलं असतं, असा असावा. त्याच व्याख्येत पुढचं वाक्य आहे : जे उपचार साधारणपणे बाह्यरुग्ण म्हणून घेतले जातात, ते यात धरले जाणार नाहीत. आपली सुई या वाक्यात अडते. लिग्नोकेन ही लोकल भूलच आहे, हे खरं. पण गाठीत सुई घ्यायला कधीच कोणी रात्रभर राहत नव्हतं, म्हणून ती डे-केअर होत नाही.

१ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांनी एकाच मसुद्याची "आरोग्य संजीवनी" पॉलिसी विकायला सुरुवात केली. तिच्यात आधुनिक उपचारांची एक यादी आहे. डोळ्याच्या आत द्यायची इंजेक्शनं त्या यादीत नाव घेऊन लिहिली आहेत. स्नायूतल्या सुईचं नाव तिथे नाही. ज्याचं नाव यादीत आहे त्याच्यासाठी पॉलिसीधारक भांडू शकतो. बाकीच्यांना व्याख्या लागू होते.

मणक्याजवळच्या, पडद्यावर बघून दिलेल्या इंजेक्शनांचं तसं नाही. ती शस्त्रक्रियागृहात होतात, काही तास निरीक्षणाखाली ठेवावं लागतं आणि काही पॉलिसींच्या डे-केअर यादीत त्यांना जागा असते. म्हणून एकाच पाठीच्या दुखण्याला एका डॉक्टरनं खुर्चीवर बसवून सुई दिली तर सगळा खर्च तुमचा, आणि दुसऱ्यानं शस्त्रक्रियागृहात वेगळ्या प्रकारचं इंजेक्शन दिलं तर तो विम्यात बसू शकतो, असं घडतं. दुखणं किती आहे याच्याशी या निवाड्याचा संबंध नाही. तो जागेवरून आणि तासांवरून होतो, आणि मला हा या व्यवस्थेचा मोठा दोष वाटतो. ज्या उपचाराला कमी पैसे लागतात तो पेशंटच्या खिशातून जातो, आणि त्याच दुखण्याचा महागडा उपचार विमा उचलतो. मग माणूस महागड्याकडे ढकलला जाणारच.

त्यातूनच "एक दिवस भरती करून घ्या ना डॉक्टर, क्लेम होऊन जाईल" ही विनंती जन्माला येते. कधी पेशंटच ती करतो, कधी त्याला ती सुचवली जाते. माझ्या नात्यातल्या एका गृहस्थांना पाठीच्या लचकीसाठी असंच एक रात्र ठेवून घेतलं गेलं. रक्त तपासण्या झाल्या, एमआरआय झाला, सुई झाली आणि क्लेम नाकारला गेला. नाकारण्याचं कारण छापील होतं. पॉलिसींमध्ये वगळलेल्या गोष्टींना क्रमांक असतात. चौथ्या क्रमांकावर केवळ तपासण्या आणि निदानासाठीची भरती आहे, पाचव्यावर विश्रांतीसाठीची. गरज नसताना झालेली भरती या दोनपैकी एका खणात सहज टाकता येते. खुर्चीवरच्या सुईचे अडीच हजार भरायचे होते, तिथे त्यांनी खोलीभाडं आणि एमआरआयसकट कितीतरी पट भरले. त्याहून वाईट म्हणजे पाठीचं दुखणं आता त्यांच्या विम्याच्या फाइलीत नोंदलं गेलं आहे. पुढे नवी पॉलिसी घ्यायला गेले तर ते आधीपासूनचा आजार म्हणून समोर येईल, आणि त्याला जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा लावली जाऊ शकते.

मात्र याच पॉलिसीत एक वाट उघडी आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. एखाद्या आजारासाठी रीतसर भरती झाली आणि तो क्लेम मान्य झाला, तर त्याच आजाराचा भरतीच्या आधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्चही मिळतो. आरोग्य संजीवनीत हे दिवस आधीचे ३० आणि नंतरचे ६० आहेत. काही पॉलिसींत जास्त. कमरेच्या सरकलेल्या गादीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिच्याआधीच्या महिन्यात त्याच दुखण्यासाठी घेतलेली सुई आणि नंतरच्या दोन महिन्यांतली औषधं, फेरतपासण्या या वाटेनं मागता येतात. त्यासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीवर निदान लिहिलेलं हवं आणि पावती पक्की हवी. शंभर-दोनशेची बिलं आपण खिशातच चुरगाळून टाकतो, तिथे हे पैसे जातात.

बाह्यरुग्ण खर्चाचं जास्तीचं कलम, म्हणजे ओपीडी कव्हर, आता विकत मिळतं. ते घेण्याआधी साधी वजाबाकी करावी. त्या कलमामुळे हप्ता चार हजारांनी वाढणार असेल आणि वर्षाला मिळणारी मर्यादा पाच हजारांचीच असेल, तर आपण आपलेच पैसे फिरवून घेतो आहोत. मिहानमधल्या कंपन्यांच्या सामूहिक विम्यात हे कलम कधी कधी आयतं असतं. तिथल्या तरुणांनी कंपनीच्या पत्रकात ते आहे का ते बघून घ्यावं. पॉलिसीसोबत सोप्या भाषेतलं ग्राहक माहिती पत्रक देणं २०२४ पासून कंपन्यांना बंधनकारक आहे. मागितलं तर ते स्थानिक भाषेत द्यायचं असतं. मराठीत मागा.

एवढं वाचून वाटेल, की या सुईला विमा नाहीच. तसं नाही. नागपुरातच असे हजारो लोक आहेत ज्यांना ती विम्यात मिळते, आणि त्यातले सगळ्यात मोठे लाभार्थी हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत काम करतात. राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार पगाराच्या ०.७५ टक्के देतो, मालक ३.२५ टक्के. त्यात भरतीची अट नाही. दवाखान्यात जाऊन दाखवणं, औषध, सुई, तज्ज्ञाकडे पाठवणं हे सगळं त्यात येतं, आणि बायको-मुलांना व अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही मिळतं. पंधरा हजार पगाराचा कामगार महिन्याला साधारण ११३ रुपये भरतो. सोमवारीपेठेत या योजनेचं रुग्णालय आहे. तिथली गर्दी, औषधांची टंचाई यांबद्दल कामगारांच्या तक्रारी असतात. त्या मांडल्याच पाहिजेत. पण खांद्याच्या सुईपुरतं पाहिलं, तर महागडी पॉलिसी बाळगणाऱ्या त्याच्या मॅनेजरपेक्षा हा कामगार अधिक सुरक्षित आहे. केंद्र सरकारच्या नोकरदारांना आणि निवृत्तांना सीजीएचएसच्या दवाखान्यांतून, रेल्वेवाल्यांना त्यांच्या रुग्णालयातून, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या लोकांना कंपनीकडून अशीच बाह्यरुग्ण सेवा आहे.

अडचण त्यांची, जे यातल्या कशातच नाहीत. कळमन्याच्या बाजारात पोती वाहणारे, इतवारीत दिवसभर मान वाकवून सोनं घडवणारे, गोळीबार चौकाच्या बाजूला मागावर बसणारे. हे सगळे खांदा, मान आणि कंबर यांच्यावर जगणारे लोक. हमालांसाठी महाराष्ट्रानं १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, देशात असा पहिला. पण नोंदणी झालेल्या हमालालाच त्याचं छत्र मिळतं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचं नाव मग पुढे येतं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं ती २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नागपुरात २०१३ च्या नोव्हेंबरात आली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आणि २०२३ मध्ये सगळ्या शिधापत्रिकाधारकांना ५ लाखांचं छत्र देण्याचा निर्णय झाला. हृदयाची झडप, किडनी, कर्करोग यांत या योजनेनं विदर्भातली कितीतरी घरं कर्जातून वाचवली. पण तीही भरती झालेल्या रुग्णाच्या पॅकेजवर चालते. खुर्चीवर बसून घेतलेली सुई तिच्यात येत नाही.

त्यामुळे विमा नसलेल्या नागपूरकराचा खरा आधार अजूनही मेडिकल आणि मेयो हाच आहे. १९४७ मध्ये उभं राहिलेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपलं मेडिकल. रेल्वे स्टेशनाजवळचं इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे मेयो. आणि आता मिहानमधलं एम्स. केस पेपरचे थोडे पैसे, अस्थिरोग विभागाच्या ओपीडीत नंबर, आणि मेडिकलमध्ये तर फिजिओथेरपीचं शिक्षण देणारी शाळाही आहे, त्यामुळे व्यायामही तिथेच शिकायला मिळतो. वर मांडलेला ६७०० चा हिशेब इथे काही शेकड्यांत येऊ शकतो. किंमत द्यावी लागते ती वेळेची. सकाळी लवकर पोहोचा. रांगेतला अर्धा दिवस गेला तरी सुई घेऊन लगेच व्यायाम विभागाची चिठ्ठीही मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवसाची मजुरी वाचते.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी एक सूचना. तिथे ही सुई विम्यात बसते. बिल टोचण्यांच्या संख्येवर ठरत नाही, किती स्नायूंना सुई दिली यावर ठरतं : एक-दोन स्नायूंना २०५५२ हा संकेतांक, तीन किंवा जास्त असतील तर २०५५३. सरकारी मेडिकेअर असणाऱ्या वृद्धांना वार्षिक ठरावीक रक्कम भरून झाल्यावर २० टक्के द्यावे लागतात. पण आपल्या पाहुण्यांच्या विम्यात जुनं दुखणं सहसा धरत नाहीत, आणि विमा नसलेल्याला हीच सुई शेकडो डॉलरला पडते. तिथल्या एका कायद्यानं २०२२ पासून विमा नसलेल्या रुग्णाला आधी लेखी अंदाज मागायचा हक्क दिला आहे. मान आखडलेली असेल तर नागपुरातच दाखवून विमानात बसलेलं बरं.

दर आधी कळण्याचा हक्क आपल्याकडेही आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून खाटा असलेल्या प्रत्येक खासगी रुग्णालयानं रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल अशा जागी लावायचं आहे. तरीही सुई आत गेल्यावरच दर कळतो, कारण आपण विचारत नाही. डॉक्टरला पैशांचं विचारणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. ते सोडून द्या. किती स्नायूंना सुई देणार, सुईत काय आहे, किती खेपा लागतील, सगळे मिळून किती होतील, हे आत जाण्याआधी विचारा. छातीच्या वरच्या भागात किंवा खांद्याजवळ सुई असेल तर डॉक्टरचा हात शिकलेला हवा, कारण खाली फुफ्फुस असतं; रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आठवणीनं सांगा. आणि घरातले ज्येष्ठ विम्यावाचून असतील, तुम्ही जुन्या करप्रणालीत विवरण भरत असाल, तर त्यांच्या उपचारांवरचा ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च कलम ८० डी खाली वजा होतो. रोख न देता बँकेतून किंवा फोनवरून पैसे भरा म्हणजे ते धरले जातील.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ वर आला. कमी झाला, हे चांगलंच. पण उरलेल्यात अशा भरतीवाचूनच्या सुया, गोळ्या आणि व्यायामाच्या बैठका आहेत, आणि त्यांच्यासाठी पाच लाखांच्या कार्डाचा उपयोग नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. रामटेक, उमरेड, काटोल इथल्या सरकारी रुग्णालयांत एकेका डॉक्टरला ही गाठ शोधायला शिकवावं आणि सोबत एक फिजिओथेरपिस्ट द्यावा, एवढीच सरकारकडे मागणी आहे. औषध तर तिथे आधीपासून आहे.